पुली बदलताय? आधी कुठलं वर्तुळ मोजायचं ते ठरवा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवर दिवसभर बसलात तर एक गिऱ्हाईक हमखास दिसेल. हातात सुतळीचा तुकडा, त्याला मारलेली गाठ, आणि मागणी एकच : "एवढ्या घेराची पुली करून द्या." कुणाची कडबा कुट्टी असते, कुणाचं मिरची कांडप, कुणाची पिठाची गिरणी. गावाहून येईपर्यंत सुतळी ताणलेली असते, गाठीत दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गेलेलं असतं, आणि घेर घेतलेला असतो पुलीच्या बाहेरच्या कडेचा, जिथं बेल्ट बसतच नाही. पुली तयार होते, बसते, आणि मशीन एक तर मरगळल्यागत फिरतं, नाही तर अंगावर आल्यागत धावतं. शिव्या मात्र मोटरला बसतात.

हिशेब सहसा चुकत नाही. भागाकार सहावीतल्या पोरालाही येतो. चुकतं ते वर्तुळ. एकाच पुलीवर निदान तीन वर्तुळं असतात : बाहेरच्या कडेचं, खाचेच्या तळाचं, आणि या दोन्हींच्या मधलं, ज्यावर बेल्ट खरं काम करतो. शिवाय मधलं भोक हे चौथं. कुठलं मोजलं आणि कुठलं सांगितलं, यात घोळ होतो. म्हणून या लेखात मोजमापालाच सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

उदाहरण एकच धरू. मोटर १४४० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला १४४० फेरे घेणारी आहे आणि कडबा कुट्टीच्या पाटीवर ४८० आरपीएम लिहिलंय. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

टप्पा १ : वीज तोडा, मग सामान मांडा

लागणारं सामान असं : स्टीलची पट्टी, दोन गुणे (काटकोन बघायचं सुताराचं हत्यार), खडू, जुन्या वर्तमानपत्राचं एक पान, टाचणी, मजबूत दोरा आणि वही. व्हर्नियर कॅलिपर मिळाला तर उत्तम. नसला तर भोक आणि शाफ्ट (पुली बसते तो दांडा) सोडून बाकी सगळं त्याच्याशिवाय मोजता येतं. सुतळी घरीच ठेवा.

वहीत आधी मोटरच्या आणि मशीनच्या पाटीवरचे आकडे उतरवून घ्या. पाटी रंगाखाली गेली असेल तर रॉकेलच्या बोळ्यानं हळू पुसा. एमरी पेपर लावलात तर आकडेही जातील.

सावधान : शेतातली थ्री-फेज लाईट पाळीनं येते आणि बऱ्याच स्टार्टरना ऑटो स्विच लावलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. तुमची बोटं बेल्टमध्ये असताना लाईट येणार नाही, याची हमी कुणी देणार नाही. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. फ्यूज काढा आणि खिशात टाका. खिशातच, कारण खोक्यावर ठेवलेला फ्यूज दुसरा कुणी तरी मदत म्हणून लावतो.

टप्पा २ : हवा तो वेग आणि आजचा वेग

आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज आहे. तिच्यावर दोन पोलची मोटर साधारण २८८०, चार पोलची १४४० आणि सहा पोलची ९६० आरपीएमनं फिरते. पोल म्हणजे मोटरच्या आतले चुंबकी ध्रुव. आकार पाहून पोल ओळखू नका, पाटी वाचा. चार पोलची जळली म्हणून जुन्या बाजारातून दोन पोलची आणून तीच पुली चढवली, तर मशीन दुप्पट वेगानं पळेल. कडबा कुट्टीच्या चाकावर पाती बोल्टनं आवळलेली असतात. वेग दुप्पट झाला की त्या बोल्टवरची बाहेर फेकणारी ओढ चौपट होते. ही नुसती भीती घालणं नव्हे. पातं सुटलं की पत्र्याची भिंत त्याला अडवत नाही.

"जरा वेग वाढवला तर काम लवकर उरकेल" म्हणणारेही भेटतात. ४८० चे ६०० केले तर वेग सव्वापट होतो, पण बोल्टवरची ओढ दीडपटीच्या पुढे जाते. मशीनला चारा फेकणारा पंखा असेल, तर पंख्याला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. मोटर तीच. ती जळणार हे नक्की, कधी एवढाच प्रश्न. पाटीवर जो वेग आहे, तोच हवा.

आजचा वेग मोजायला टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) मिळाला तर चांगलंच. नसेल तर मोबाईल घ्या. चाकावर खडूची ठळक रेघ ओढा, मशीन रिकामं चालू करा, आणि दूर उभं राहून आठपट मंद व्हिडिओ काढा. व्हिडिओ लावून एका मिनिटात रेघ किती वेळा वर येते ते मोजा आणि आठनं गुणा. ४८० आरपीएमचं चाक मंद व्हिडिओत मिनिटाला ६० वेळा, म्हणजे सेकंदाला एकदा फिरताना दिसतं. काही फोन सुरुवातीचा आणि शेवटचा भाग नेहमीच्या वेगानं दाखवतात, म्हणून मधलाच भाग मोजा. हे झालं की फ्यूज परत खिशात.

सावधान : जुन्या ट्यूबलाईटच्या उजेडात फिरतं चाक कधी कधी थांबल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसतं. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते, त्याचा हा भास. "थांबलंय" म्हणून हात घालू नका.

टप्पा ३ : वर्तुळ मोजणं

इथं घाई केली की पुढचे सगळे टप्पे वाया जातात.

आधी सुतळीचं काय चुकतं ते बघू. २ मिमी जाडीची सुतळी चाकाभोवती गुंडाळली की तुम्ही मोजता ते चाक नव्हे, तर चाक आणि सुतळीची अर्धी अर्धी जाडी. परिघ सहा मिमीनं आणि व्यास दोन मिमीनं जास्त येतो. त्यात सुतळी ताणली जाते आणि गाठीत घट होते. तीन चुका, आणि सगळ्या एकाच दिशेच्या नव्हेत. कधी एकमेकींना खाऊन बरोबर उत्तर येतं, आणि माणूस जन्मभर सुतळीवर विश्वास ठेवतो.

रीत पहिली, कागदाची पट्टी. 'पुढारी'च्या पानाची बोटभर रुंद, सरळ पट्टी कापा. चाकाभोवती गुंडाळून टोक टोकावर चढवा आणि जिथं दोन्ही थर एकावर एक आलेत, तिथं टाचणी आरपार टोचा. पट्टी उलगडली की दोन भोकं दिसतील. त्यांच्यातलं अंतर म्हणजे परिघ. कागद लांबत नाही, जास्त ओढलात तर फाटतो. इथं तेच हवं आहे. पट्टी तिरकी गुंडाळली गेली तर माप वाढतं, म्हणून तिची कड चाकाच्या कडेशी जुळते का ते बघत गुंडाळा.

परिघाला ३.१४ नं भागलं की व्यास. २२/७ घ्यायचं की ३.१४१६, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालता येतो. ३०० मिमीच्या चाकाच्या परिघात या दोन्हींमुळे फरक पडतो अर्ध्या मिमीपेक्षा कमी. सुतळीनं त्याच चाकात सहा मिमी वाढवले. काळजी कशाची करायची ते ठरवा.

रीत दुसरी, दोन गुणे. चाक टेबलावर आडवं ठेवा. स्टीलच्या पट्टीच्या कडेला दोन गुणे उभे करा आणि चाकाला दोन्ही बाजूंनी हलकेच टेकवा. गुण्यांमधलं अंतर म्हणजे थेट व्यास. चाक थोडं थोडं फिरवून हे माप तीन ठिकाणी घ्या. तिन्हींत एक मिमीच्या वर फरक आला तर चाक गोल राहिलेलं नाही, आणि त्याच्या मापाची नवी पुली करणं म्हणजे जुनी खोड नव्यात उतरवणं.

मोठ्या चाकाला तिसरी रीत बरी. चाकावर आणि फरशीवर खडूची खूण करून चाक सरळ रेषेत पाच फेरे गडगडत न्या. एकूण अंतराला पाचनं भागा. एकाच फेऱ्यात झालेली चूक इथं पाचात वाटली जाते. शेणानं सारवलेल्या जमिनीवर हे करू नका. चाक रुततं आणि माप फसतं.

चाक मोडलं असेल तर?

बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची पुली फुटली आणि हातात चतकोर तुकडाच उरला, असं दर हंगामात कुणाचं तरी होतं. तुकड्यावरूनही पूर्ण वर्तुळ काढता येतं. तुकडा कागदावर ठेवून बाहेरची कड पेन्सिलीनं काढा. कमानीच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ ओढा. ही झाली जीवा. जीवेच्या बरोबर मध्यातून कमानीपर्यंतची उंची मोजा. मग :

व्यास = (जीवा × जीवा) ÷ (४ × उंची) + उंची

जीवा २०० मिमी आणि उंची ४० मिमी आली तर ४०,००० भागिले १६० म्हणजे २५०, त्यात ४० मिळवले की व्यास २९० मिमी.

सावधान : उंची एका मिमीनं चुकून ३९ धरली, तर व्यास २९५ च्या वर जातो. एका मिमीची चूक पाच मिमीची होते. म्हणून मिळेल तेवढा मोठा तुकडा घ्या, जीवा शक्य तितकी लांब ठेवा, आणि दोन वेगवेगळ्या तुकड्यांवर करून बघा. दोन्हींचं उत्तर जवळ आलं, तरच पुढं जा.

भोक आणि शाफ्ट

इथं पट्टी चालत नाही, व्हर्नियरच लागतो. मोटरचे शाफ्ट बहुतेक १९, २४, २८ किंवा ३८ मिमीचे असतात. २४ मिमीच्या शाफ्टला कुणी "एक इंची" म्हटलं आणि टर्नरनं २५.४ चं भोक मारलं, की पुली शाफ्टवर डुलते. ती डूल पत्र्याची चकती कोंबून घालवणारे मी पाहिलेत, आणि दोन महिन्यांत बेअरिंग बदलताना तेच लोक परत भेटलेत. चावीची, म्हणजे पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून दोघांच्या खाचेत बसवतात त्या लोखंडी तुकड्याची, रुंदीही मोजा. २४ आणि २८ मिमीच्या शाफ्टला ८ मिमी रुंदीची चावी बसते. मोजून वेगळी आली, तर आधी शाफ्टमध्ये कुणी फेरफार केलाय का ते बघा.

तपासा : व्यास दोन रीतींनी काढलाय का? दोन उत्तरांत एक मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पुढचा टप्पा वाचू नका, परत मोजा.

टप्पा ४ : बेल्टचं खरं वर्तुळ

व्ही-बेल्ट खाचेच्या तळावर टेकत नाही. तो दोन्ही बाजूंच्या उतारांत पाचरीसारखा अडकतो, आणि जोर पोचवणारे त्याच्यातले दोरे बाहेरच्या कडेच्या थोडे आत असतात. वेगाचा हिशेब त्या दोऱ्यांच्या वर्तुळावर करायचा. त्याला पिच व्यास म्हणतात.

आधी बेल्टची जात ओळखा. ए जातीचा बेल्ट वरून १३ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड, बी १७ आणि ११, सी २२ आणि १४. जुना बेल्ट झिजून अरुंद झालेला असतो, म्हणून त्याच्या पाठीवरचा नंबर बघा. ए जातीच्या पुलीत बाहेरच्या व्यासातून साधारण ५ ते ७ मिमी वजा केले की पिच व्यास येतो. बी जातीत ७ ते ९.

"पाच-सात मिमीनं काय होतंय?" मोठ्या पुलीत फार काही होत नाही. छोट्या पुलीत होतं. पिच व्यास ७५ आणि ३०० असलेल्या जोडीचं प्रमाण बरोबर चार. त्याच जोडीचे बाहेरचे व्यास ८१ आणि ३०६ धरले, तर प्रमाण येतं ३.७८. वेगात पाच टक्क्यांचा फरक, आणि तोही पुली नवीकोरी असताना.

लेथवर सांगताना "शंभरची पुली" असं मोघम सांगू नका. "पिच शंभर" किंवा "बाहेरून एकशे सहा" असं नीट सांगा आणि समोर लिहून द्या. मी स्वतः एकदा फोनवर नुसतं "शंभर" सांगून मोकळा झालो होतो. पुली आली ती बाहेरून शंभर. दोष करणाऱ्याचा नव्हता.

टप्पा ५ : पुलीचा हिशेब

मोटरचा वेग × मोटरच्या पुलीचा पिच व्यास = मशीनचा वेग × मशीनच्या पुलीचा पिच व्यास

आपल्या उदाहरणात १४४० भागिले ४८०, म्हणजे ३. मशीनची पुली मोटरच्या पुलीच्या तिप्पट हवी. मोटरवर १०० तर मशीनवर ३००. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला की शाफ्टला पिळणारा जोर जवळजवळ तिप्पट होतो. चारा कापायला हाच जोर लागतो.

मग मोटरवर ५० आणि मशीनवर १५० का नको? प्रमाण तेच, बीडही वाचतं. कारण बेल्टला इतक्या लहान वर्तुळात वाकायला लावलं की तो आतून तडकतो आणि त्याला पकडही कमी मिळते. ए जातीला ७५ मिमीच्या खाली, बीला १२५ च्या खाली आणि सीला २०० च्या खाली जाऊ नका. दर दोन महिन्यांनी बेल्ट तुटतो अशी तक्रार असेल तर कंपनी बदलण्याआधी मोटरची पुली मोजा.

बेल्ट थोडा घसरतो, त्यामुळे खरा वेग हिशेबापेक्षा एक-दोन टक्के कमी मिळतो. तेवढं चालतं.

तपासा : लहान पुली वेगवान शाफ्टवर आहे ना? हसू नका. उलटी जोडी बसवलेलं कांडप मी पाहिलंय, आणि पाटीपेक्षा नऊपट वेगानं फिरायला गेलेल्या त्या मशीननं दोन सेकंदांत फ्यूज उडवला म्हणून सगळे वाचले.

टप्पा ६ : बेल्टची लांबी

पुल्या ठरल्यावरच बेल्ट घ्या. आधी बेल्ट आणून मग पुली जुळवणं म्हणजे चप्पल आणून पाय कापणं.

दोन्ही शाफ्टच्या केंद्रांतलं अंतर मोजा. केंद्र दिसत नसेल तर एका शाफ्टच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, दोन्ही शाफ्ट सारख्या जाडीचे असतील तर तेच केंद्रांतर. जाडी वेगळी असेल तर दोन्ही डाव्या कडांचं आणि दोन्ही उजव्या कडांचं अंतर घेऊन सरासरी काढा. मग :

लांबी = २ × केंद्रांतर + १.५७ × (दोन्ही पिच व्यासांची बेरीज) + (व्यासांतला फरक × तोच फरक) ÷ (४ × केंद्रांतर)

केंद्रांतर ५०० मिमी असेल तर १००० अधिक ६२८ अधिक २०, म्हणजे १६४८ मिमी. ही झाली पिच लांबी. पण दुकानात मिळणाऱ्या ए-६३ बेल्टवरचा ६३ हा आतल्या बाजूच्या लांबीचा इंचातला आकडा असतो. ए जातीत आतली लांबी काढायला ३६ मिमी वजा करा, बीमध्ये ४३. आपल्याला मिळाले १६१२ मिमी, म्हणजे साडेत्रेसष्ट इंच. ए-६३ घ्यायचा की ए-६४? ६३ घ्या. मोटर पाच-सहा मिमी आत सरकवून तो बसेल, आणि पुढं बेल्ट लांबला की मोटर बाहेर ओढायला जागा उरेल. ६४ घेतला तर ती जागा पहिल्याच दिवशी खर्च होते.

दोन किंवा तीन खाचांची पुली असेल तर सगळे बेल्ट एकदम बदला. एक नवा आणि एक जुना असला की सगळा भार नव्यावर येतो आणि जुना नुसता लोंबत फिरतो.

टप्पा ७ : मशीनमध्ये गिअर असतील तर

कडबा कुट्टीत चारा आत ओढणारे रूळ गिअरवर चालतात, आणि गिअर बदलून कापाची लांबी कमी-जास्त करता येते. इथं व्यास मोजत बसण्यापेक्षा दात मोजा. एका दातावर खडू लावून सुरुवात करा, नाही तर सत्तावीसच्या पुढं कुणाचाच मेळ लागत नाही. १८ दातांचं चाक ५४ दातांच्या चाकाला फिरवत असेल तर वेग तिसरा हिस्सा होतो. दोघांच्या मध्ये कितीही दातांचं एकच चाक घातलं तरी हे प्रमाण तेच राहतं, फक्त फिरण्याची दिशा बदलते.

नवा गिअर करून घ्यायचा तर मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, काढा : बाहेरचा व्यास भागिले (दात अधिक २). २२ दात आणि ७२ मिमी व्यास असेल तर ७२ भागिले २४, मॉड्यूल ३. उत्तर २, २.५, ३, ४ असं नीट यावं. ३.१७ च्या आसपास आलं तर ते माप चुकलेलं नसेल. तो इंची मापाचा जुना गिअर असेल, आणि त्याच्याशी ३ मॉड्यूलचा गिअर जुळणार नाही. दातांची संख्या विषम असली की एका दातासमोर खोबण येते आणि बाहेरचा व्यास सरळ मोजता येत नाही. तेव्हा भोकाच्या कडेपासून दाताच्या टोकापर्यंत मोजा, त्यात भोकाचा अर्धा व्यास मिळवा आणि दुप्पट करा.

तपासा : दोन्ही चाकांच्या दातांची बेरीज × मॉड्यूल ÷ २ = केंद्रांतर. १८ आणि ५४ दात, मॉड्यूल ३, म्हणजे १०८ मिमी. मशीनवर दोन्ही शाफ्टमधलं अंतर याच्याशी जुळलं तर निर्धास्त ऑर्डर द्या.

टप्पा ८ : जुनी काढा, नवी बसवा

पुली पुलरनं (ओढून काढायच्या हत्यारानं) काढा. हातोड्यानं ठोकलीत तर बीड फुटेल किंवा मोटरचं बेअरिंग जाईल. ग्रब स्क्रू, म्हणजे पुली शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू, आधी ढिला करा. एकाखाली दुसरा लपलेला असतो, तोही बघा.

मोटर किंवा जड चाक उचलायला आढ्याला कप्पी बांधत असाल तर एक ध्यानात ठेवा : वर बांधलेली एकच कप्पी वजन हलकं करत नाही, फक्त खाली ओढायची सोय करते. ६० किलोच्या मोटरला ६० किलोचीच ओढ लागते, वर घर्षणाची भर. दुसरी कप्पी मोटरसोबत हलती ठेवली की वजन दोन दोऱ्यांत वाटलं जातं आणि ओढ निम्म्यावर येते, पण मोटर एक फूट चढवायला दोर दोन फूट ओढावा लागतो. आढ्यावर मात्र दोन्ही वेळा मोटरच्या वजनापेक्षा जास्त भार येतो. तुळई किडकी असेल तर चार माणसं बोलवा.

नवी पुली चढवण्याआधी शाफ्ट स्वच्छ करून तेलाचा हात फिरवा. पुली मोटरच्या बॉडीच्या शक्य तितकी जवळ बसवा. टोकावर बसवली की बेअरिंगवर ताण वाढतो.

टप्पा ९ : रेष आणि ताण

दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोऱ्यानं बघा. मोठ्या पुलीच्या बाहेरच्या तोंडाला दोरा टेकवून छोट्या पुलीपर्यंत ताणा. दोन्ही पुल्यांच्या तोंडाला मिळून दोरा चार ठिकाणी टेकला पाहिजे. पुल्यांच्या कडेची जाडी वेगळी असेल तर तोंड नव्हे, खाचेचा मध्य जुळवा. इथंही प्रश्न तोच, कुठली रेष धरायची.

बेल्ट चढवताना पेचकस घालून पुलीवर तरफेनं ओढू नका. वरून काही दिसत नाही, आतले दोरे तुटतात. मोटर आत सरकवा, बेल्ट हातानं घाला, मोटर बाहेर ओढा.

ताण बघायला दोन पुल्यांच्या मध्ये बेल्ट अंगठ्यानं दाबा. अर्ध्या मीटरच्या अंतरात तो सुमारे आठ मिमी, म्हणजे अडीच सूत दबला की ठीक. तारेगत ताणलेला बेल्ट बेअरिंग खातो, ढिला बेल्ट घसरून जळका वास देतो. पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरीकडच्या ओल्या गोठ्यात बेल्ट जास्त घसरतो, म्हणून लोक राळ टाकतात. राळेनं दोन दिवस पकड येते, मग खाचेत काळा थर बसतो. बेल्ट आणि खाच कोरड्या फडक्यानं पुसा, ताण बघा. तरीही घसरला तर खाचेचा तळ पाहा. तो चकचकीत झाला असेल तर खाच इतकी झिजली आहे की बेल्ट तळावर टेकतोय, आणि नवा बेल्ट घालून काही होणार नाही.

टप्पा १० : पहिली चाल

जाळी लावल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नका. पदर, टॉवेल, मफलर यांना बेल्ट ओढून घेतो, आणि कडबा कुट्टीजवळ पहाटे अंधारात काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर हे सगळं असतं.

आधी हातानं एक फेरा फिरवा. कुठं घासत नाही ना? मग फ्यूज लावून क्षणभर सुरू करून बंद करा आणि दिशा बघा. थ्री-फेज मोटर उलटी फिरली तर वायरमनकडून दोन फेजच्या वायरी अदलाबदल करून घ्या. बेल्टला पीळ घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. सरळ बेल्टवर दोन्ही पुल्या एकाच दिशेनं फिरतात, म्हणून मोटरवरचा बाण पाहिला तरी पुरतं.

रिकामं दहा मिनिटं चालवा. मंद व्हिडिओ पुन्हा काढा. रिकामी मोटर पाटीपेक्षा किंचित जास्त वेगानं फिरते, म्हणून ४७० ते ५०० च्या दरम्यान आकडा आला तर वर्तुळं बरोबर मोजली गेली. साडेचारशेच्या खाली आला तर मोटर खोलू नका. बेल्ट घसरत नाही ना ते बघा, आणि मग वहीत लिहिलेले व्यास पिच होते की बाहेरचे, ते तपासा.

नवा बेल्ट पहिल्या दिवसा-दोन दिवसांत थोडा लांबतो आणि खाचेत बसतो. दोन दिवसांनी फ्यूज काढून ताण पुन्हा बघा. त्याच वेळी ऑइलपेंटनं मशीनच्या बॉडीवर ठळक लिहून ठेवा : मोटर १४४०, पुल्या पिच १०० आणि ३००, बेल्ट ए-६३, शाफ्ट २४, चावी ८. पुढच्या वेळी पुली फुटली तर उद्यमनगरात नुसता या ओळीचा फोटो न्या.